गल्ल्याशेजारची फळी

१२ जानेवारी

मी नोकरी करत होते ते ड्रायव्हिंग स्कूल बंद झालं तेव्हा साहेबांनी मला दोन गोष्टी दिल्या. एक शिफारसपत्र आणि एक ही कोरी डायरी. शिफारसपत्राला अजून कुणी विचारलं नाही. डायरी तरी फुकट कशाला घालवा, म्हणून आजपासून लिहिते आहे.

निमित्तही तसंच आहे. मी पीनट बटर करून विकणार आहे. घरी, स्वतः. जेवताना मी हे जाहीर केलं तेव्हा ह्यांचा घास हातातच राहिला. "आणि दादाची नोकरी?" म्हणाले. माझ्या भावाच्या गोदामात कामाला माणूस हवंय, पण ते पडलं दुसऱ्या गावी. सोमवार ते शनिवार तिथे एका खोलीत राहायचं आणि रविवारी आपल्याच घरी पाहुण्यासारखं यायचं. नको गं बाई. दादाला सांगितलंय, फेब्रुवारी संपेपर्यंत थांब. तोवर माझ्या बरण्यांना एखादं कायमचं दुकान मिळालं तर ठीक, नाहीतर गाठोडं बांधायचं.

वन्सं म्हणाल्या, "भाजायचं काम मला दे." वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. उभा जन्म टेलिफोन एक्सचेंजमध्ये कानाला यंत्र लावून काढला आणि रिटायर झाल्यावर आमच्याकडे राहायला आल्या. एक्सचेंजमध्ये शेंगदाणे भाजायचे का, असं अगदी ओठावर आलं होतं, पण गिळलं.

१५ जानेवारी

पहिली कढई मी जाळली. दाणे वरून सोनेरी दिसत होते म्हणून खुशाल ढवळत राहिले. फोडून बघते तर आत कोळसा. दुसरी कढई घाबरून लवकर उतरवली, ती कच्ची राहिली. तिसऱ्या वेळी वन्संनी माझ्या हातातून उलथनं काढून घेतलं.

त्यांची तऱ्हा बघण्यासारखी आहे. स्टूल ओढून शेगडीजवळ बसल्या, पंखा बंद करायला लावला, रेडिओ बंद करायला लावला आणि डोळे मिटले. मला वाटलं, डुलकी लागली. पण हात फिरतोच आहे. बराच वेळ काही नाही, मग दाणे हळूच तडतडायला लागले, मग भराभर, मग ती तडतड विरळ झाली. मी "झालं का?" विचारलं तर "श्शू!" आणखी थोडा वेळ गेला आणि म्हणाल्या, "उतरव." एक दाणा नखाने फोडला, कानाशी नेऊन! आणि मला म्हणाल्या, "हुंगून बघ. मालकीण तू. नाक तुझं."

काय वास होता म्हणून सांगू! घर भरून गेलं. माझ्या हाताखाली कधी कुणी काम केलं नाही आणि कुणी मला मालकीणही म्हटलं नाही. वन्सं मोठ्या मनाच्या आहेत. एवढं छान भाजूनसुद्धा शेवटचा शब्द माझा.

१८ जानेवारी

मिक्सर गेला. निळा धूर निघाला आणि संपलं. हे लेथवर काम करतात, मोटरीतलं त्यांना कळतं. म्हणाले, "अगं, एकदम एवढं दळतात का? त्यालाही जीव असतो." मी म्हटलं, मला पण आहे.

२२ जानेवारी

नवा मिक्सर आला, दणकट. आता अक्कलही आली. थोडं फिरवायचं, थांबायचं, भांडं गार होऊ द्यायचं. दाण्याची आधी भुकटी होते, मग गोळा होऊन तो भिंतीला चिकटून बसतो आणि वाटतं, झाला सत्यानाश. तिथेच धीर धरायचा. अचानक तेल सुटतं आणि सगळं सैल होऊन फिरायला लागतं. ते नेमकं कधी होणार हे वन्संना बाहेरच्या खोलीतूनही कळतं. मिक्सरचा आवाज म्हणे खाली उतरतो. मला बापडीला सगळी घरघरच.

सालं काढायचं कामही मार्गी लागलं. दाणे जाड कापडात घालून चोळायचे आणि टेबलफॅनसमोर वरून सोडायचे. दाणे परातीत, सालं गॅलरीतून बाहेर. खालच्या मजल्यावरच्या बाईंची ओली चादर दोरीवर होती. त्या वर आल्या त्या कंबरेवर हात ठेवूनच. त्यांच्या केसांतही सालं होती. मी एक बरणी हातात दिली तेव्हा कुठे पारा उतरला. जाताना म्हणाल्या, "उद्यापासून आधी हाक मारत जा."

२७ जानेवारी

आज कोपऱ्यावरच्या बेकरीत गेले. बेकरीवाल्यांना अख्खी गल्ली मामा म्हणते, पण कुणी त्यांना हसताना बघितलेलं नाही. मी बरणी पुढे केली. त्यांनी झाकण उघडलं, हुंगलं, ब्रेडचा तुकडा तोडला, बुडवला, खाल्ला. परत बुडवला. मी उभीच.

"भाजलं कुणी?"

"माझ्या नणंदेने."

"हं. तिला सोडू नका."

गल्ल्याशेजारची फळी त्यांनी मला दाखवली. पैसे देताना गिऱ्हाइकाचं लक्ष जातं ती जागा. म्हणाले, "फेब्रुवारीभर ठेवून बघू. माझ्या दुकानातून गेलेली वस्तू परत आली नाही तर फळी तुमची, कायमची. परत आली तर मात्र राम राम." मी मान डोलावली ती थांबेचना. गल्ल्याशेजारची फळी म्हणजे दादाचं गोदाम नाही, परकी खोली नाही, काही नाही! घरी येऊन वन्संना मिठी मारली. त्यांच्या अंगाला अत्तराचा एवढा घमघमाट होता की मला तिथेच शिंक आली.

२ फेब्रुवारी

पहिल्या बरण्या संपल्या. मामांनी निरोप पाठवला, "आणखी."

वन्संबद्दल थोडं लिहायलाच हवं. इतकी वर्षं मी त्यांना नुसतं "वन्सं, जेवायला चला" म्हणत आले. माणूस म्हणून बघितलंच नव्हतं. किती चिकाटी आहे त्यांच्यात! स्वतः केलेल्या कशाचाही त्यांना मोह नाही. पीनट बटरचा घाण्यागणिक एक चमचा मला चाखायला देतात, आपण घेत नाहीत. मी आग्रह केला तर म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं? तू सांग." केवढा हा नम्रपणा! दूध नासलंय का, भाजी उतरली का, सगळं मला विचारतात. अत्तरसुद्धा लावलं की विचारतात, "जास्त झालं का गं?" मी मेली दरवेळी खोटं बोलते.

एकच खोड वाईट. जेवणात लाल तिखट इतकं पेरतात की बघणाऱ्याच्या डोळ्यात पाणी यावं. हे म्हणतात, ताई पूर्वी अशी नव्हती, मागच्या वर्षीच्या त्या मोठ्या तापापासून जीभ चटावली. असेल. माणसाला एखादी हौस असावी.

६ फेब्रुवारी

मामांनी दुपटीने माल मागितलाय. त्यांच्या थोरल्या मुलाचं दुसरं दुकान आहे, तिथेही ठेवून बघणार आहेत. माझे पाय जमिनीवर नाहीत. आम्ही दोघींनी आज भाजून भाजून ढीग लावला. दळायचं सोमवारी.

८ फेब्रुवारी

सर्दी! ती पण कसली, नाक म्हणजे बूच मारलेली बाटली. डोकं जड, कान गच्च. हे नेमके मशीन बसवायला बाहेरगावी गेलेत, आठवड्याने येतील. त्यात स्वयंपाकघरात मुंग्यांनी रांग लावलीय. भाजलेल्या दाण्यांच्या पिशव्या कुठेतरी हलवा म्हणून वन्संना सांगितलं आणि पांघरूण घेऊन पडले.

संध्याकाळी वन्सं माझ्या उशाशी येऊन बसल्या. म्हणाल्या, "या खेपेला माल नको देऊया. तुझी सर्दी जाऊ दे."

"सर्दीचा आणि मालाचा काय संबंध? मी तोंडाला फडकं बांधेन."

"तसं नाही गं. पण थांबूया."

"पण का?"

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. खरं सांगायचं तर मला रागच आला. दुसरं दुकान म्हटल्याबरोबर यांना धडकी भरली. म्हातारपणी माणूस भित्रा होतो. मी म्हटलं, "वन्सं, नेमून दिलेल्या दिवशी माल गेला नाही तर मामा फळी दुसऱ्याला देतील. मग मी दादाच्या गावी जाऊन बसू का?" त्यावर त्या उठून गेल्या.

१० फेब्रुवारी

दळलं, भरलं, पोचवलं. वन्सं दिवसभर माझ्यामागे. "नीट बघितलंस ना? चाखलंस ना?" दहादा. मी चाखलं, मला काहीच लागलं नाही, पण सर्दीत काय लागणार? "फर्स्ट क्लास" म्हणून सांगितलं. मिक्सरचा आवाज त्यांनी बरोबर पकडला होता, बरण्या उकळून कोरड्या केलेल्या होत्या. आणखी काय हवं?

११ फेब्रुवारी

लिहवत नाहीये. तरी लिहिते.

सकाळी मामांचा फोन आला, "या." एवढंच. गेले. आमच्या सगळ्या बरण्या टेबलावर मांडलेल्या. त्यातली एक उघडी. मामांनी ती माझ्या नाकासमोर धरली. मी म्हटलं, मला सर्दी आहे.

"मग ऐका. गिऱ्हाइकाला चाखायला म्हणून मी ब्रेडवर लावून पुढे केलं. त्या बाईंनी तोंडाला रुमाल लावला. म्हणाल्या, हे खायचं आहे की स्वेटरमध्ये ठेवायचं आहे?"

डांबराच्या गोळ्या! दाण्यांच्या पिशव्या वन्संनी आपल्या कपाटात ठेवल्या होत्या, लोकरीच्या कपड्यांशेजारी, गोळ्यांच्या पुडीला टेकून. भाजलेले दाणे तर काय, मिळेल तो वास पिऊन घेतात. नशीब म्हणजे एकही बरणी विकली गेली नव्हती, कुणाच्या पोटात गेलं नव्हतं. मामा ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसतं म्हणाले, "घेऊन जा. आणि टाकून द्या, घरातही खाऊ नका."

सगळं उकिरड्यावर गेलं. मी वन्संना काय काय बोलले ते इथे लिहायचं नाहीये. "कपाट उघडल्यावर वास येत नव्हता का? नाक काय गहाण टाकलंय?" हे मात्र मी म्हटलं. त्या आपल्या खोलीत गेल्या. दार लावून बसल्या.

१३ फेब्रुवारी

घरात आम्ही दोघीच आणि कुणी कुणाशी बोलत नाही. आज माझं नाक थोडं मोकळं झालं. दुपारी बाहेरून आले तर जिन्यापर्यंत करपलेल्या दुधाचा वास. धावत आत गेले. पातेलं काळं ठिक्कर पडलेलं आणि वन्सं तिथेच, दोन हातांवर, पेपर वाचत बसलेल्या! मी गॅस बंद केला तेव्हा दचकल्या. पातेल्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी गुपचूप पातेलं घासायला घेतलं.

त्यांच्या मनाला फार लागलंय. माणूस विचारात इतका बुडतो की समोरचं दूध जळलेलं कळत नाही. मी जरा जास्तच बोलले त्या दिवशी. पण आता काय उपयोग? फळी गेली. दादाला उद्या परवा कळवून टाकेन.

१५ फेब्रुवारी

आज जे झालं ते सगळं लिहून ठेवणार आहे, कितीही पानं लागोत.

सकाळी वन्सं साडी बदलून, पर्स घेऊन तयार. "चल," म्हणाल्या. "कुठे?" "बेकरीत." मी म्हटलं, मामा दारात उभं करणार नाहीत. त्यांनी कच्च्या दाण्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि जिना उतरायला लागल्या. मागे जाण्याशिवाय मला गत्यंतर नव्हतं.

बेकरी भरलेली होती. वन्सं सरळ गल्ल्यापाशी गेल्या. मामांनी वर बघितलं.

"मीच ती नणंद," वन्सं म्हणाल्या. "दाणे मी भाजते. गोळ्यांच्या कपाटात मीच ठेवले. मला वास येत नाही."

मामा म्हणाले, "सर्दी?"

"नाही. मागच्या वर्षी ताप आला, त्यात गेला. कशाचाच येत नाही. चवही गेल्यातच जमा. तोंडात घास नुसता फिरतो. डॉक्टर म्हणाले, परत आला तर आला."

मी ऐकत होते. ब्रेडच्या टोपल्यांना धरून उभी राहिले. मालकीण तू, नाक तुझं. दूध बघ, भाजी बघ, अत्तर जास्त झालं का गं. आणि मी त्यांना काय म्हणाले होते!

"घरी का नाही सांगितलंत?" हे मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू मला शेगडीजवळ येऊ दिलं असतंस? गॅस सुटला तर मला कळायचं नाही. मग बस तिकडे, आराम कर, हात लावू नकोस. तुमचं बरोबरच असतं गं. पण मी नुसती बसून किती वर्षं काढायची? म्हटलं, तुझं नाक आहे ना, भागेल दोघींचं. तुला सर्दी झाली तेव्हा थांब म्हणाले. का ते सांगायचं धाडस झालं नाही. दोष माझा. हिची फळी काढू नका."

मामांनी माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. मग म्हणाले, "वास येत नाही, तर पहिला माल तसा कसा भाजलात?"

"ऐकून."

"म्हणजे?"

"म्हणजे हेच. दाणे आणलेत. कढई द्या."

मामांनी वन्संना आत भट्टीकडे नेलं. मीही गेले. मोठी लोखंडी कढई शेगडीवर चढली. तिथे केवढा तो गोंगाट! कणीक मळायचं यंत्र धडधडतंय, पंखे घोंघावतायत, रेडिओ लागलाय, कारागीर ट्रे आपटतायत. वन्संनी उलथनं हातात घेतलं आणि म्हणाल्या, "हे सगळं बंद करा."

कारागिरांनी मामांकडे बघितलं. सकाळची वेळ, बाहेर गिऱ्हाईक. मामांनी स्वतः जाऊन यंत्राचं बटण बंद केलं. मग पंखे, मग रेडिओ. बाहेरच्या लोकांना हात वर करून म्हणाले, "जरा शांत राहा, आत काम चाललंय." आणि खरंच सगळे गप्प झाले. एक बाई कडेवरच्या पोराच्या तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

वन्संनी डोळे मिटले. हात फिरायला लागला. काही नाही, काही नाही. मग पहिला तड. त्यांची मान जराशी कलली. किती फोन जोडले असतील या माणसाने, किती लोकांचे खालचे वरचे आवाज ऐकले असतील, तेच कान आता या कढईवर होते. तडतड वाढली, दाट झाली, विरळ झाली. एका कारागिराने "आता" म्हणून तोंड उघडलं, तर मामांनी त्याला डोळ्यांनीच दाबलं. अजून एक तड. मग दुसरा, उशिराने.

"उतरवा."

मामांनी कढई उतरवली, वाकले आणि वास घेतला. दाणा फोडला, बघितला, खाल्ला. कारागीर एकेक दाणा उचलायला लागले. मामा हात पुसत म्हणाले, "तीस वर्षं भट्टीसमोर आहे. मला असं येत नाही." आणि मग वन्संकडे न बघता माझ्याकडे बघून, "सर्दी झाली की माल आणायचा नाही. रिकामी फळी मला परवडते. बरणी आली की पहिली मी उघडून हुंगणार. कबूल असेल तर सोमवारी आणा." आणि यंत्र चालू करायला गेले. पाठ फिरवली होती, पण मी बघितलं, हसत होते.

मला रडू आवरेना. पीठ पडलेल्या जमिनीवर बसून सगळ्यांसमोर रडले. वन्संचे पाय धरायला गेले तर म्हणाल्या, "ऊठ गं, साडी पांढरी होतेय."

घरी येताना रस्त्यात त्यांनी मला थांबवलं. ओंजळभर भाजलेले दाणे त्यांच्या रुमालात होते, अजून गरम.

"अगं, कसा आलाय वास? मगाशी सगळे घेत होते. मला सांग ना."

मी म्हटलं, "छान आलाय."

"छान काय! साबणालाही छानच येतो. नीट सांग."

मी रुमाल नाकाशी धरला. आयुष्यात कधी वास असा शब्दांत धरायला गेले नव्हते. म्हटलं, "आधी लाकडासारखा येतो, नुकत्याच रंधा मारलेल्या. मग जरा गोडसर, साखर तांबूस व्हायला लागते ना, त्याच्या थोडं अलीकडचा. आणि त्याच्या खाली एक जड, तेलकट वास आहे, उबदार. आईच्या, म्हणजे कुणाच्याही आईच्या, दुपारच्या पदराला येतो तसला."

वन्संनी डोळे मिटले होते. मान तशीच जराशी कलली होती. लोक बाजूने जात होते, एका सायकलवाल्याने घंटी वाजवली, तरी त्या हलल्या नाहीत.

"पदराचं परत सांग," म्हणाल्या.

मी परत सांगितलं. सावकाश सांगितलं.

"हो," त्या म्हणाल्या. "हो गं, असाच असतो तो." आणि डोळे पुसून एक दाणा तोंडात टाकला. मी बोलत राहिले, घर येईपर्यंत.